कौल आणि अंदाज : उज्जैनच्या मतपेटीची कहाणी

निवडणुकीचा निकाल मतपेटी उघडण्यापूर्वीच सांगता यावा ही हौस मतपेटीइतकीच जुनी आहे. चावडीवर, चहाच्या दुकानात, आगगाडीच्या डब्यात, जेथे चार माणसे जमतात तेथे हा उद्योग चालतो आणि त्याला फारसे भांडवल लागत नाही. मराठी भाषेने निवडणुकीच्या निकालाला 'कौल' हा शब्द दिला आहे. हा शब्द देवळातून आलेला आहे. कोकणातील ग्रामदेवतेच्या अंगावर फुले अथवा पाकळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे आणि डावे फूल पडते की उजवे याची वाट पाहावयाची, असा हा प्रकार असतो. कौल मागणाऱ्याने अगोदर उत्तर सांगितले, तर तो कौल राहत नाही. आधुनिक जनमत चाचणीने नेमका हाच क्रम उलटा केला आहे. फूल पडण्याच्या आधी ते कोणत्या बाजूला पडणार हे ती टक्केवारीत सांगते, आणि ज्या मतदाराने कौल द्यावयाचा त्यालाच ते वाचून दाखवते. अशा वेळी मतदाराला त्यातून काय कळते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचा माग काढण्यासाठी उज्जैनसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. भविष्य आणि गणित या दोहोंचाही या नगरीशी फार जुना संबंध आहे. प्राचीन ज्योतिर्गणिताने आपले मुख्य रेखावृत्त उज्जयिनीवरून नेले. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली, आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या राजवटीत तिची दुरुस्ती झाली. राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेर गाठीपर्यंत शिंदेशाहीचा कारभार येथूनच चालत असे. महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, आणि छत्री चौकाजवळचे गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधले. तेव्हा मराठी वाचकाला हे गाव परके नाही. परंतु ज्या प्रजेवर ही सत्ता चालली, तिला आपले मत काय हे सांगण्याची संधी फार उशिरा मिळाली.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर चारच वर्षांच्या आत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ असे चार महिने देशभर मतदान चालले होते. मतदारांची संख्या सतरा कोटींच्या पुढे होती आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरता अवघी अठरा टक्के होती. ज्या माणसाला स्वतःचे नाव लिहिता येत नाही, त्याला राज्यकर्ता निवडता येईल काय, अशी शंका तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनाही येत होती.

परंतु खरी अडचण निराळ्याच ठिकाणी उभी राहिली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कर्मचाऱ्यांनी घरोघर फिरून नावे लिहून घेतली तेव्हा असे आढळले की, लक्षावधी स्त्रिया आपले नाव सांगावयास तयार नाहीत. कोणी 'अमक्याची बायको' असे लिहून द्यावयाची, तर कोणी 'तमक्याची आई'. परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणे हे मर्यादेला सोडून आहे, अशी समजूत त्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती. आयोगाने निक्षून सांगितले की, ज्या मतदाराचे स्वतःचे नाव नाही, त्याची नोंद यादीत राहणार नाही. देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख जणींची नावे, किंवा नावांच्या जागी लिहिलेली नाती, यादीतून वगळली गेली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश यांच्याबरोबर ज्या राज्यांत हा प्रकार विशेष घडला, त्यांत उज्जैन ज्या राज्यात होते तो मध्य भारतही होता.

सुकुमार सेनांचा हा निर्णय कठोर खरा. पण तो योग्यच होता, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. सवलत दिली असती तर 'अमक्याची बायको' हीच नोंद पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली असती आणि बायकोचे मत अमक्यानेच दिले असते. नाव गेल्याचे कळले तेव्हा गावोगाव कुजबूज झाली, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितले. मत बनविण्यापूर्वी मतदार बनावे लागते, आणि मतदार बनण्यापूर्वी नाव असावे लागते, एवढा साधा क्रम त्या यादीने पुष्कळांना शिकविला.

मतदानाची पद्धतही आजच्यापेक्षा वेगळी होती. मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याच्या पक्षाचे चिन्ह चिकटविलेले असे. काँग्रेसची जोखडातली बैलजोडी होती, जनसंघाची पणती होती आणि समाजवाद्यांचे झाड होते. मतदाराने आडोशामागे जावयाचे आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकून बाहेर पडावयाचे. या पेट्यांपैकी लक्षावधी मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. निरक्षराला वाचता येत नव्हते. परंतु बैल, दिवा आणि झाड ओळखता येत होते, आणि त्या चिन्हांमागची माणसे कोण आहेत हे तो बाजारच्या दिवशी ऐकून आलेला असे. छापील बातमीची पोच त्या मानाने थोडी होती. इंदूरचे 'नई दुनिया' हे दैनिक १९४७ मध्ये सुरू झालेले. राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठी माणसाने पुढे त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. आकाशवाणीचे इंदूर केंद्र तर पहिल्या निवडणुकीच्या वेळी नव्हतेच. ते १९५५ मध्ये आले.

या परिस्थितीत मध्य भारतातील मतदाराने काय केले हे पाहण्याजोगे आहे. उज्जैनने काँग्रेसचे राधेलाल व्यास यांना लोकसभेवर पाठविले. त्याच राज्यात, त्याच निवडणुकीत, ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही मतदारसंघांनी हिंदुमहासभेचे वि. घ. देशपांडे यांना निवडून दिले. देशभर काँग्रेसची एवढी लाट असता एकच गृहस्थ दोन ठिकाणी विजयी झाला! त्यांनी सोडलेली ग्वाल्हेरची जागा नंतर पोटनिवडणुकीत नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांनी जिंकली. नेहरूंची सभा, वर्तमानपत्रांचा सूर, सरकारचे वजन ही सारी एका बाजूला असूनही शेजारशेजारच्या मतदारसंघांनी वेगवेगळे कौल दिले. निरक्षर मतदार मेंढरासारखा एका दिशेने जाईल, हे भाकीत पहिल्याच फेरीत खोटे ठरले. ते कोणत्याही चाचणीने केलेले नव्हते. केवळ सुशिक्षितांचा तो अंदाज होता.

शास्त्रशुद्ध अंदाजाची विद्या तेव्हा अमेरिकेत चांगलीच रुळली होती, आणि एकदा चांगलीच तोंडघशीही पडली होती. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे धाडली. त्यांतील तेवीस लाखांच्या आसपास उत्तरे परत आली. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकून आले. चूक कोठे झाली? पत्ते घेतले होते ते मुख्यत्वेकरून टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार होती, त्यांचे मत म्हणजे अमेरिकेचे मत नव्हते. शिवाय ज्यांनी उत्तर धाडण्याची तसदी घेतली, ते न धाडणाऱ्यांपेक्षा निराळे होते. जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी कितीतरी कमी लोकांना, परंतु निवडून, विचारले आणि रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितले. त्यावर त्यांचा बोलबाला झाला. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच गॅलप यांनी आणि त्यांच्या समव्यवसायिकांनी ट्रुमन हरणार असे सांगितले, आणि ट्रुमन जिंकले. अखेरच्या दिवसांत मतदाराचे मन बदलू शकते, हे ध्यानात न घेता त्यांनी विचारपूस आधीच आवरती घेतली होती.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. गॅलप यांच्या विद्येचे सारे मर्म या म्हणीत आले आहे. फक्त म्हणीने न सांगितलेली एक अट आहे. भात सर्व बाजूंनी सारखा शिजलेला असावा लागतो, नाहीतर वरचे शीत मऊ आणि तळाचे करपलेले, असे व्हावयाचे. आता उज्जैनचे भांडे कसे आहे ते पाहावे. गोपाळमंदिरापुढे उभा राहून प्रश्न विचारणाऱ्याला व्यापारी आणि यात्रेकरू भेटतील. फ्रीगंजमध्ये नोकरदार आणि पेन्शनर भेटतील. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या आसपास गिरणीत उमेद घालविलेल्या कामगारांची कुटुंबे भेटतील. आणि शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की सोयाबीनच्या भावाखेरीज दुसरे काही बोलावयास तयार नसलेला शेतकरी भेटेल. या सर्वांच्या घरचे दार वाजविले, तर ते उघडणारा पुष्कळदा पुरुषच असावयाचा, आणि घरातल्या बाईचे मतही तोच सांगून टाकावयाचा. १९५२ च्या यादीतील 'अमक्याची बायको' अशा रीतीने सर्वेक्षणाच्या कागदात पुन्हा शिरू शकते.

मतदार आपले मन कसे ठरवतो, या अधिक मूलगामी प्रश्नालाही परदेशात याच सुमारास हात घातला गेला. ओहायो राज्यातील ईरी नावाच्या परगण्यात १९४० मध्ये पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला भेटून प्रश्न विचारले. प्रचाराने मते भराभर इकडची तिकडे होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात असे आढळले की, बहुतेकांचे मन आरंभीच ठरलेले होते, आणि जे बदलले त्यांच्यावर रेडिओ व वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम अधिक झाला. शेजारी, कारखान्यातला सोबती, घरातला वडीलधारा, जो थोडे अधिक वाचतो आणि ज्याच्या शब्दावर विश्वास आहे, तोच बातमी आणि मत यांमधला दुवा असतो. माळव्यातील कोणत्याही गावकऱ्याने हे न विचारता सांगितले असते. पण अनुभव आणि पुरावा यांत फरक असतो, आणि पुराव्यासाठी कोणीतरी सहाशे घरांचे उंबरे सहासात महिने झिजवावे लागतात.

हिंदुस्थानात हे काम एरिक द कॉस्टा यांच्या भारतीय लोकमत संस्थेने १९५० च्या दशकात हाती घेतले. १९६२ च्या निवडणुकीत पुणे विद्यापीठाचे डॉ. सिरसीकर यांनी पुण्याच्या मतदारांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. भारतीय मतदार हा कुतूहलाचा नव्हे, अभ्यासाचा विषय आहे, हे दाखविणाऱ्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना करावी लागते. दिल्लीला रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापिलेल्या विकसनशील समाजांच्या अभ्यासकेंद्राने १९६७ पासून देशव्यापी निवडणूक-अभ्यास सुरू केले. या मंडळींना निकाल आधी सांगण्याची घाई नव्हती. मत का दिले, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. पुढे दूरचित्रवाणीचे दिवस आले आणि 'का' मागे पडून 'किती' पुढे आले. हा बदल व्यवसायाला लाभदायक झाला असेल. ज्ञानाला झाला असे म्हणता येत नाही.

'किती'चे भाकीत किती फसू शकते याची दोन उदाहरणे पुरेत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक चाचण्यांनी सत्तारूढ आघाडी परत येणार असे सांगितले. निकालात काँग्रेसला १४५ आणि भारतीय जनता पक्षाला १३८ जागा मिळाल्या. वीस वर्षांनी, १ जून २०२४ च्या संध्याकाळी, मतदानोत्तर चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसविले; मिळाल्या २९३. उज्जैनची जागा मात्र दोन्ही खेपेस ज्या पक्षाकडे जाणार असे सगळे म्हणत होते, त्याच पक्षाकडे गेली. २०२४ मध्ये तर विजयातील अंतर पावणेचार लाखांच्या घरात होते. जेथे निकाल उघड दिसतो तेथे चाचणीची गरज नसते, आणि जेथे तो दिसत नाही तेथेच ती नेमकी अडखळते, अशी ही गंमत आहे.

उज्जैन नेहमीच असे सरळ वागले असे मात्र नाही. राधेलाल व्यास १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदा निवडून आले. १९६० च्या दशकातील फेररचनेनंतर हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि १९६७ मध्ये जनसंघाचे हुकुमचंद कछवाय विजयी झाले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींची लाट देशभर उसळली असता उज्जैनने जनसंघाच्या फूलचंद वर्मांना निवडले. १९७७ मध्ये कछवाय परत आले, तेव्हा ते देशाच्या प्रवाहाबरोबर होते. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या, तेव्हा उज्जैनने सत्यनारायण जटियांना पाठवून पुन्हा प्रवाहाविरुद्ध हात मारले. १९८४ मध्ये काँग्रेसचे सत्यनारायण पवार, नंतर १९८९ ते २००४ अशा सहा निवडणुकांत सलग जटिया, आणि २००९ मध्ये काँग्रेसचे प्रेमचंद गुड्डू! १९७१ आणि १९८० साली देशाचा अंदाज अगदी अचूक वर्तविणारी चाचणीसुद्धा उज्जैनच्या मतदाराला त्याच्या गावाविषयी चुकीचीच समजूत करून देती.

याचे कारण गणितात आहे आणि ते समजावयास कठीण नाही. नीट निवडलेल्या एक हजार माणसांना विचारले, तर मिळणारी टक्केवारी शंभरांतून पंच्याण्णव वेळा खऱ्या टक्केवारीच्या सुमारे तीन टक्के इकडेतिकडे असते. राज्य मोठे असो की लहान, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. परंतु मध्य प्रदेशात विधानसभेच्या २३० जागा आहेत. समजा, एखाद्या संस्थेने मोठा खर्च करून दहा हजार लोकांना गाठले, तरी एका मतदारसंघाच्या वाट्याला त्रेचाळीस माणसे येतात, आणि त्रेचाळीस माणसांच्या उत्तरात पंधरा टक्क्यांपर्यंत चूक संभवते. म्हणजे उज्जैन दक्षिणमध्ये काय होणार हे अशा चाचणीला प्रत्यक्षात काहीच ठाऊक नसते. ती राज्याची टक्केवारी काढते आणि तिचे जागांत रूपांतर करते. हे रूपांतर म्हणजे अर्धे शास्त्र आणि अर्धा धीटपणा असतो.

२०१८ च्या विधानसभा निवडणुकीने या धीटपणाची कसोटी पाहिली. २८ नोव्हेंबरला मतदान झाले, ११ डिसेंबरला मोजणी झाली. भारतीय जनता पक्षाला ४१.०२ टक्के मते मिळाली आणि काँग्रेसला ४०.८९. अधिक मते मिळविणाऱ्या पक्षाला १०९ जागा मिळाल्या आणि कमी मते मिळविणाऱ्याला ११४. दोघांमधील अंतर सुमारे अठ्ठेचाळीस हजार मतांचे होते. उलट 'यांपैकी कोणीही नाही' असे म्हणणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या वर होती. एवढे सूक्ष्म अंतर चाचणीने खात्रीपूर्वक टिपावयाचे, तर अठरा लाखांहून अधिक माणसांना विचारावे लागले असते! आणि तसे विचारून कोणाची मते अधिक हे बरोबर सांगितले असते, तरी सरकार कोणाचे या प्रश्नाचे उत्तर चुकलेच असते. शिवाय ते सरकारही पंधरा महिने टिकले. मार्च २०२० मध्ये बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि सत्ता फिरली. मतदाराने ज्याला मत दिले तो उद्या कोठे बसेल, हेही त्याला आधी माहीत नसते.

उज्जैन जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. २०१८ मध्ये काँग्रेसला चार आणि भाजपला तीन मिळाले. २०२३ मध्ये काँग्रेसला दोन आणि भाजपला पाच. वरवर पाहता जिल्हा राज्याबरोबर फिरला. परंतु त्यात महिदपूर आहे. १८१७ च्या डिसेंबरात होळकर आणि इंग्रज यांची निर्णायक लढाई जेथे झाली तेच हे महिदपूर. राज्य काँग्रेसकडे कलले तेव्हा या गावाने भाजपचा आमदार निवडला, आणि राज्य भाजपकडे झुकले तेव्हा काँग्रेसचा. स्थानिक उमेदवार, त्याचा स्वभाव, मागील पाच वर्षांतील त्याची वागणूक, जातींची जुळणी आणि रस्त्यापाण्याचे प्रश्न यांचा हिशेब तेथील लोकांनी आपल्या पद्धतीने मांडला. तो बरोबर होता की चूक, हे ठरविण्याचा अधिकार भोपाळला किंवा दिल्लीला बसून आकडे जुळविणाऱ्याला नाही.

मग मतदाराला हिशेब मांडण्यासाठी काय उपलब्ध आहे? पूर्वी शेजाऱ्याचे बोलणे आणि पेटीवरचे चित्र एवढेच होते. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, उमेदवारावरील गुन्हेगारी खटले, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून हा वाद उभा राहिला होता. सर्व पक्षांनी एरवी न दिसणारी एकजूट दाखवून कायद्यात दुरुस्ती केली आणि हा हक्क आखडता घेण्याचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. चाचण्यांच्या बाबतीत कायदा इतका उदार नाही. निवडणूक आयोगाने १९९८ मध्ये घातलेले निर्बंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले. शेवटी २००९ च्या दुरुस्तीने मतदानोत्तर चाचणीचे निष्कर्ष मतदानाचा शेवटचा टप्पा संपेपर्यंत प्रसिद्ध करण्यावर बंदी आली, आणि ती मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. प्रतिज्ञापत्र 'हा माणूस कोण' ते सांगते आणि चाचणी 'इतर लोक काय करणार' ते सांगते. दोन्ही बातम्याच आहेत. पण दुसरीला पहिल्या पानावर जागा मिळते आणि पहिली कार्यालयाच्या फलकावर धूळ खात पडते. क्षिप्रेच्या पाण्याचे काय झाले, २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी तिच्यात आणल्यानंतर तिची स्थिती किती सुधारली, २०२८ च्या सिंहस्थासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी कोणत्या अटींवर घ्यावयाच्या, या प्रश्नांवर कोण उमेदवार काय म्हणतो, हे तर या दोहोंतही नसते. ते सभेत उभे राहून विचारावे लागते.

२०२३ ची विधानसभा निवडणूक या सर्व इतिहासाचा अलीकडचा अध्याय आहे. मार्चमध्ये मध्य प्रदेश सरकारने 'लाडली बहना' योजना सुरू केली आणि जूनपासून पात्र विवाहित स्त्रियांच्या खात्यात महिना हजार रुपये जमा होऊ लागले. निवडणुकीपूर्वी ही रक्कम साडेबाराशे झाली. लाभ घेणाऱ्या स्त्रियांची संख्या सव्वा कोटीच्या पुढे होती. निवडणुकीच्या तोंडावर सरकारी तिजोरीतून पैसे वाटणे कितपत योग्य, यावर वाद झाला आणि तो होणे स्वाभाविक होते. परंतु एक गोष्ट वादातीत आहे. या योजनेसाठी स्त्रीचे स्वतःचे बँक खाते लागत असे. 'अमक्याची बायको' या नावाने खाते उघडत नाही. मतदानानंतर, ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी, काही चाचण्यांनी अटीतटीची लढत सांगितली, आणि दोन-एक संस्थांनी भाजपला मोठे बहुमत मिळेल असे सांगितले. ३ डिसेंबरला मोजणी झाली, तेव्हा भाजपला १६३ आणि काँग्रेसला ६६ जागा मिळाल्या. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना स्त्रियांचे मन कळले नाही, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. तसे असेल, तर दार कोणी उघडले आणि उत्तर कोणी दिले, हा जुनाच प्रश्न येथे पुन्हा विचारावा लागतो.

त्या निवडणुकीत भाजपने मुख्यमंत्रिपदासाठी कोणाचेही नाव पुढे केलेले नव्हते. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान होते, आणि केंद्रातील मंत्रीही आमदारकीसाठी उभे होते. तेव्हा तर्काला भरपूर वाव होता. उज्जैन दक्षिणच्या मतदारांनी १७ नोव्हेंबरला मोहन यादव यांना तिसऱ्यांदा आमदार म्हणून निवडले. त्यांच्यासमोर त्यांचे प्रतिज्ञापत्र होते, दहा वर्षांचा परिचय होता, आणि मंत्रिपदाचा कारभारही होता. ११ डिसेंबरला भोपाळला पक्षाची बैठक झाली आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलेल्या या आमदाराचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी पुकारले गेले. १३ डिसेंबरला शपथविधी झाला. आपण राज्याचा मुख्यमंत्री निवडीत आहोत, हे यंत्रावरची कळ दाबताना उज्जैनमधल्या एकाही मतदाराला ठाऊक नव्हते.

उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजाने या नगरीत रात्रीचा मुक्काम करू नये, अशी एक जुनी समजूत येथे आहे. शिंदे राजे शहराबाहेर उतरत असत असे सांगतात, आणि नंतरच्या काळातील मुख्यमंत्रीही सूर्यास्तानंतर परत निघत. निवडणुकीचे अंदाज चुकले तर लोक हसतात. पण या समजुतीची परीक्षा घेण्याचे धाडस फारसे कोणी केले नव्हते. मोहन यादव यांचे घरच उज्जैनला. शपथ घेतल्यानंतर तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ते गावी आले आणि रात्री तेथेच राहिले.